सातबारा वाचणाऱ्या यंत्राला काय काय सांगावं लागेल

पावसाळ्यात रायगड जिल्हा प्रशासन नद्यांच्या पातळ्यांचा तक्ता काढतं. सावित्रीची महाडला धोका पातळी ६.५० मीटर, अंबेची नागोठण्याला ९.०० मीटर, कुंडलिकेची रोह्याजवळ डोलवहाल बंधाऱ्यावर २३.९५ मीटर, आणि उल्हासची ४८.७७ मीटर. रोह्याचा माणूस या तक्त्यात कुंडलिकेची ओळ शोधतो. २३ मीटरला इशारा आणि २३.९५ ला धोका, हे त्याच्या डोक्यात पक्कं असतं. सावित्री ६.४० वर आणि कुंडलिका २२.१० वर असेल, तर त्या घडीला काळजी महाडकरांनी करायची आहे, हे त्याला कुणी सांगावं लागत नाही. प्रत्येक ठिकाणच्या मोजपट्टीचा शून्य वेगळा असतो, हे त्याला वर्षानुवर्षांच्या पावसाने शिकवलेलं आहे.

हाच तक्ता एखाद्या एआय एजंटला दिला तर? एजंट म्हणजे प्रश्नाचं नुसतं उत्तर न देता, पुढची पावलं स्वतः ठरवून काम पार पाडणारी प्रणाली. माहिती मागवायची, ती वाचायची, अर्ज भरायचा, निरोप पाठवायचा, अशी कामं ती करते आणि त्यासाठी तिला सॉफ्टवेअरची टूल्स लागतात. समजा तिच्याकडे ‘नदीपातळी’ नावाचं टूल आहे आणि त्याच्या वर्णनात ‘नदीची पातळी मीटरमध्ये देते’ एवढंच लिहिलं आहे. टूलने २२.१० आणि ६.४० हे दोन आकडे आणून दिले. प्रणालीने त्यांची तुलना केली आणि रोह्याला महाडच्या तिपटीहून जास्त पाणी चढल्याचं कळवलं. कोड बिनचूक चालला, आकडेही खरे होते. चूक त्या एका ओळीच्या वर्णनात होती. ठिकाण कोणतं, शून्य कुठला, इशारा आणि धोका कितीला, आकडा किती वाजताचा, यातलं काहीच तिथे नव्हतं.

टूलचं वर्णन कसं लिहावं, हा प्रश्न गेल्या तीन-चार वर्षांत सॉफ्टवेअरच्या जगात मध्यभागी आला आहे. त्यावर संशोधन झालं, मानकं ठरली, मोठ्या कंपन्यांनी आपले अनुभव मांडले. महाराष्ट्रातही शासकीय सेवा या दिशेने निघाल्या आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने ‘आपले सरकार’च्या सेवा व्हॉट्सअॅपवर आणण्यासाठी मेटाशी करार केला. त्याच वर्षी कृषी विभागाचं ‘महाविस्तार’ अॅप आलं, त्यात शेतकऱ्याला मराठीत प्रश्न विचारता येतो. जूनमध्ये मंत्रिमंडळाने शेतीतल्या एआयसाठी ५०० कोटी रुपयांचं धोरण मंजूर केलं. म्हणजे आज ना उद्या रोहा किंवा पेण तालुक्यातला खातेदार फोनला विचारणार, ‘माझ्या जमिनीवर बोजा आहे का?’, आणि त्यामागे एक एजंट कुठलं तरी टूल चालवणार. त्या टूलचं वर्णन कुणी लिहायचं आणि त्यात काय असायला हवं, याचा हा आढावा आहे.

आधी यंत्रणा नीट समजून घेऊ. एजंटच्या मुळाशी असलेल्या भाषिक मॉडेलला टूलचा कोड दिसत नाही. त्याला मिळतं टूलचं नाव, साध्या भाषेतलं वर्णन, आणि कोणती माहिती कोणत्या रूपात पुरवायची याची यादी. हा सगळा मजकूर वापरणाऱ्याच्या प्रश्नासोबत मॉडेलपुढे येतो. तो वाचून मॉडेल ठरवतं की आत्ता हे टूल लागेल की नाही, आणि लागत असेल तर तशी मागणी लिहून देतं. ती मागणी प्रत्यक्ष चालवतो दुसराच प्रोग्रॅम, आणि आलेलं उत्तर पुन्हा मजकूर म्हणून मॉडेलपुढे ठेवतो. या सगळ्या देवाणघेवाणीत टूलविषयी मॉडेलला जे कळतं ते त्या वर्णनातूनच कळतं. प्रोग्रॅमरला अडलं तर तो कोड उघडून बघतो, शेजारच्या टेबलावर विचारतो, अंदाज चुकला तर हसून दुरुस्त करतो. मॉडेलकडे यातलं जवळजवळ काहीच नसतं, आणि अडल्यावर थांबण्यापेक्षा पटण्याजोगा अंदाज बांधण्याकडे त्याचा कल असतो.

टूलचं वर्णन लिहिण्याची परंपरा मात्र जुनी आणि चांगली आहे. नोव्हेंबर १९७१ मध्ये बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सची पहिली मार्गदर्शक पुस्तिका काढली. प्रत्येक आज्ञेचं नाव, ती कशी लिहायची, ती काय करते, आणि शेवटी ‘बग्ज’ या शीर्षकाखाली तिच्या उणिवा. स्वतः घडवलेल्या वस्तूच्या उणिवा त्याच पानावर छापायच्या, ही त्या दोघांची शिस्त मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. पुढच्या काळात ती विरळ झाली. इंटरनेटवरच्या सेवांसाठी स्वॅगर आलं, २०१६ पासून ते ओपनएपीआय म्हणून ओळखलं जातं. त्यातून रकाने, प्रकार आणि पत्ते यंत्राला वाचता येतील इतके नेमके झाले. पण ‘हे वापरू नका, त्यापेक्षा ते वापरा’ असं सांगणारा मजकूर त्या साच्यात क्वचितच लिहिला गेला. वाचणारा प्रोग्रॅमर आहे, त्याला कळेल, असं गृहीत धरलेलं होतं.

ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘रिअॅक्ट’ हा शोधनिबंध आला. विचार आणि कृती आलटून पालटून करवली तर मॉडेल बाहेरच्या माहितीचा वापर जास्त चांगला करतं, हे त्याने दाखवलं. पुढच्या फेब्रुवारीत मेटाच्या संशोधकांचं ‘टूलफॉर्मर’ आलं. मार्च २०२३ मध्ये चॅटजीपीटीला प्लगइन जोडता येऊ लागले, आणि त्यांच्या माहितीपत्रकात एक लक्षात घेण्याजोगी सोय होती: माणसासाठीचं वर्णन वेगळं आणि मॉडेलसाठीचं वर्णन वेगळं, असे दोन स्वतंत्र रकाने. प्लगइन मागे पडले, पण दोन वाचकांच्या गरजा वेगळ्या आहेत ही कबुली तिथे पहिल्यांदा इतक्या उघडपणे मिळाली. मे २०२३ मध्ये बर्कलीच्या शिशिर पाटील आणि सहकाऱ्यांनी ‘गोरिला’ मांडलं. मॉडेलं अस्तित्वातच नसलेल्या आज्ञा आत्मविश्वासाने लिहून देतात, आणि योग्य डॉक्युमेंटेशन ऐनवेळी शोधून समोर ठेवलं तर हे प्रमाण घटतं, असं त्यांना दिसलं. त्याच ऑगस्टमध्ये गूगलच्या संशोधकांचा सहभाग असलेल्या एका अभ्यासाने आणखी पुढची गोष्ट सांगितली: टूल वापरल्याची उदाहरणं न देता नुसतं डॉक्युमेंटेशन दिलं, तरी मॉडेल उदाहरणं दिल्याइतकंच चांगलं काम करू शकतं.

नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या एआय कंपनीने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी, खुला केला. टूल आणि मॉडेल यांच्यातल्या जोडणीची ती एक समाईक पद्धत आहे. वर्षभरात स्पर्धक कंपन्यांनीही ती स्वीकारली आणि डिसेंबर २०२५ मध्ये ती लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखालील संस्थेकडे सोपवली गेली. जोडणीचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला. प्रोटोकॉलमध्ये वर्णनासाठी रकाना आहे, पण त्या रकान्यात काय लिहायचं हे कुठलंही मानक सांगू शकत नाही.

म्हणून आता सातबाऱ्याकडे येतो. महाराष्ट्रात एवढ्या लोकांच्या कामाचा आणि इतका गर्भित अर्थ भरलेला दुसरा कागद मला माहीत नाही. गाव नमुना ७ मध्ये हक्काची नोंद, गाव नमुना १२ मध्ये पिकांची. ‘सातबारा काढून दे’ असं टूल बनवायचं ठरवलं, तर कोड लिहायला फार काळ लागणार नाही. वर्णन लिहायला मात्र महसूल खात्यात अर्धं आयुष्य घालवलेला माणूस शेजारी बसवावा लागेल.

सुरुवात होते जिल्ह्याच्या नावापासून. १ जानेवारी १९८१ ला कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं, म्हणजे त्याआधीच्या कागदांवर रायगड सापडणार नाही. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्याचं इंग्रजी स्पेलिंग छत्तीसगडच्या रायगढ जिल्ह्यासारखंच छापलं आहे. राज्य न सांगता नुसतं नाव पाठवणारं टूल कधी तरी छत्तीसगडची माहिती आणून देईल, आणि मॉडेलला त्यात काही खटकणार नाही. तालुका रोहा की रोहे, दोन्ही रूपं प्रचारात आहेत. पेण रोमन लिपीत लिहिलं की लेखणीचा इंग्रजी शब्द होतो. गावांच्या नावात ‘तर्फे’ असतं, जसं तळवली तर्फे अष्टमी. ‘तर्फे अष्टमी’ हा नावाचाच भाग आहे, तो गाळला तर वेगळ्याच तळवलीचा कागद हाती येऊ शकतो. यावर उपाय उपलब्ध आहे. २०२० मध्ये सातबाऱ्याचा नमुना सुधारला तेव्हा गावाच्या नावासोबत गावाचा सांकेतिक क्रमांकही छापायचं ठरलं. टूलने गावाचं नाव न मागता हा क्रमांक मागावा, आणि नावावरून क्रमांक शोधून देणारं दुसरं टूल सोबत द्यावं. पहिल्याच्या वर्णनात स्पष्ट लिहावं: ‘क्रमांक माहीत नसेल तर अंदाजाने भरू नका, आधी गावशोध चालवा, आणि एकाहून जास्त गावं आली तर विचारणाऱ्याला निवडू द्या.’

असाच एक अनुभव अँथ्रॉपिकने २०२४ च्या अखेरीस मांडला होता. कोडवर काम करणारा त्यांचा एजंट फाइलचा अर्धवट पत्ता देऊन वारंवार चुकत होता. सूचना वाढवत बसण्याऐवजी त्यांनी टूलच असं बदललं की पूर्ण पत्त्याशिवाय ते चालेना, आणि चूक थांबली. जिथे अडचण टूलच्या रचनेतच मिटवता येते, तिथे वर्णनावर भार टाकू नये.

गावानंतर सर्व्हे नंबर आणि हिस्सा. ४५/२, ४५/२/अ, ५/२. यातलं शेवटचं बऱ्याच सॉफ्टवेअरला तारीख वाटतं आणि पाच फेब्रुवारी किंवा दोन मे होऊन बसतं. म्हणून हा रकाना अंकाचा नसून मजकुराचा आहे, तिरकी रेघ त्याचाच भाग आहे, देवनागरी आणि रोमन दोन्ही अंक चालतात की एकच, हे लिहायला हवं. आणि दोन-तीन खरी वाटतील अशी उदाहरणं द्यायला हवीत. उदाहरणांचं महत्त्व आता सगळेच मान्य करतात. रकान्याचा प्रकार सांगितला तरी त्यात नेमकं काय भरायचं ते प्रकारावरून कळत नाही.

पण खरी परीक्षा मागणी करताना नसते, आलेलं उत्तर वाचताना असते. टूलच्या वर्णनात ‘काय द्यायचं’ याची यादी सगळे लिहितात, ‘जे मिळेल त्याचा अर्थ काय’ हे फार थोडे लिहितात. सातबाऱ्यावर क्षेत्र ०.४५.२० असं येतं. एका आकड्यात दोन बिंदू बघून मॉडेल गोंधळतं. हे शून्य हेक्टर, ४५ आर, २० चौरस मीटर, म्हणजे ४,५२० चौरस मीटर. रोह्याच्या बाजारात व्यवहाराची बोली गुंठ्यात होते. आर १०० चौरस मीटरचा आणि गुंठा साधारण १०१.१७ चौरस मीटरचा, तेव्हा हेच क्षेत्र ४४.७ गुंठ्यांच्या आसपास भरतं. आर आणि गुंठा एकच धरला तर फरक अर्ध्या गुंठ्याचा पडतो, आणि महामार्गालगतच्या जमिनीत अर्ध्या गुंठ्यावरून भाऊ भावाशी बोलायचा थांबतो. शिवाय अकृषिक जमिनीचं एकक सुधारित नमुन्यात वेगळं आहे, तिथे आर आणि चौरस मीटर एवढंच असतं. म्हणजे एकक कुठलं हे जमिनीच्या प्रकारावरून ठरणार, आणि ही गोष्ट वर्णनात नसेल तर ती मॉडेलने स्वतःहून ओळखावी अशी अपेक्षाच चुकीची.

नावांचं प्रकरण याहून नाजूक आहे. जुन्या सातबाऱ्यावर ज्याचा हक्क संपला त्याच्या नावाला कंस केलेला असतो. जमीन विकली, खातेदार वारला, बोजा फिटला, की त्या नोंदीला कंस. तलाठी कार्यालयात वावरलेला कुणीही कंस दिसला की ते नाव सोडून पुढे वाचतो. बाकीच्या जगात मात्र कंसातला मजकूर म्हणजे जोडमाहिती. मॉडेल जगभरच्या मजकुरावर शिकलेलं असल्याने ते कंसातल्या माणसाला मालकाचं दुसरं नाव समजेल किंवा सहमालक समजेल. २०२० च्या सुधारणेत कंसाऐवजी आडवी रेघ मारून नोंद खोडायची पद्धत आली. डोळ्यांना हे जास्त स्पष्ट आहे. पण कागदाच्या चित्रातून किंवा पीडीएफमधून मजकूर उचलताना ती रेघ गळून पडते, आणि खोडलेला माणूस जिवंत हक्कदार म्हणून मॉडेलपुढे उभा राहतो. माणसासाठी केलेली सुधारणा यंत्रासाठी पाऊल मागे ठरू शकते, याचं इतकं नेमकं उदाहरण दुसरीकडे शोधूनही सापडणार नाही. उत्तरात प्रत्येक नावासोबत ‘चालू’ किंवा ‘कमी केलेलं’ असा वेगळा रकाना देणं, हाच यावरचा प्रामाणिक मार्ग.

‘ही जमीन कुणाची?’ या प्रश्नाला भोगवटादाराच्या रकान्यातलं नाव हे अपुरं उत्तर आहे. भोगवटादार वर्ग २ असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय ती विकता येत नाही. ‘इतर हक्क’ या रकान्यात कुळाचं नाव असेल, बँकेचा बोजा असेल. रोहा आणि पेण या दोन्ही तालुक्यांत आदिवासी वाड्या आहेत, आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहितेची कलमं ३६ आणि ३६अ आदिवासींच्या जमिनीच्या हस्तांतरावर बंधन घालतात. या बाबी टूलच्या उत्तरात येतच असतील, पण त्या वाचल्याशिवाय उत्तर देऊ नये असं वर्णनात लिहिलेलं नसेल, तर पहिल्या रकान्यातलं नाव मिळताच मॉडेलचं समाधान होईल.

काळाचा मुद्दाही असतोच. खरेदीखत नोंदलं म्हणजे सातबारा लगेच बदलतो असं नाही. फेरफार नोंदवायचा, नोटिसा काढायच्या, हरकतींसाठी १५ दिवस थांबायचं, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. या मधल्या काळात काढलेला सातबारा खरा असतो आणि तरीही शिळा असतो. म्हणून वर्णनात ‘प्रलंबित फेरफार वेगळ्या टूलने तपासा’ ही ओळ हवीच. गाव नमुना १२ बाबत आणखी एक गोष्ट. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर लागू झाली आणि पिकाची नोंद शेतकरी स्वतःच्या फोनवरून करू लागला. नोंद कुणी केली यावर तिचा पुरावा म्हणून किती भरवसा ठेवायचा हे अवलंबून असतं, आणि तेही सांगायलाच हवं.

मग येतात जुळी टूल्स. महाभूलेख संकेतस्थळावर विनामूल्य दिसणारा सातबारा केवळ माहितीसाठी असतो, तशी सूचनाच त्यावर असते. डिजिटल सहीचा सातबारा वेगळा, त्याला १५ रुपये लागतात आणि तो कार्यालयीन कामाला चालतो. दोन्ही टूल्सची नावं आणि वर्णनं सारखीच ठेवली तर मॉडेल कोणतं उचलेल याचा नेम नाही. ज्याला बँकेत द्यायचा आहे त्याला बिनसहीचा कागद मिळेल, किंवा ज्याला नुसतं नाव बघायचं होतं त्याचे पैसे जातील. जगभरच्या अनुभवातून टूल लिहिणाऱ्यांनी काढलेला सर्वांत उपयोगी नियम हाच आहे: एखादं टूल कधी वापरू नये आणि त्याऐवजी कोणतं वापरावं, हे त्याच्याच वर्णनात लिहावं.

टूल अपयशी ठरतं तेव्हा ते काय बोलतं, याकडे सर्वांत कमी लक्ष जातं. ‘नोंद सापडली नाही’ एवढंच म्हटलं तर मॉडेल तीच मागणी पुन्हा करतं किंवा त्याहून वाईट म्हणजे जमीनच नसल्याचं जाहीर करतं. ‘४५/२ या क्रमांकाने एकच नोंद नाही, त्याचे ४५/२/अ आणि ४५/२/ब असे हिस्से आहेत, कोणता हवा ते विचारा’ असं म्हटलं तर काम पुढे सरकतं. ‘सेवा रात्री बंद आहे’ आणि ‘अशी जमीन नाही’ यांत किती अंतर आहे ते खातेदाराला विचारावं.

हे सगळं लिहायचं म्हटलं तर वर्णन लांबत जातं, आणि इथे खरा मतभेद आहे. मॉडेलपुढे एका वेळी ठेवता येणाऱ्या मजकुराला मर्यादा असते. तो टोकनमध्ये, म्हणजे शब्दांच्या तुकड्यांमध्ये, मोजला जातो आणि प्रत्येक टोकनचे पैसे पडतात. शंभर टूल्सची वर्णनं आधीच भरून ठेवली तर प्रश्नासाठी जागा कमी उरते आणि नेमकं टूल निवडणंही अवघड होतं. जानेवारी २०२४ मधल्या ‘ईझीटूल’ या कामाने लांबलचक डॉक्युमेंटेशन आटोपशीर करून दिल्यास मॉडेल कमी चुकतं असं दाखवलं. दुसरीकडे, आटोपशीर करताना जे कापलं जातं त्यात नेमकी कंसाची आणि वर्ग २ ची ओळ जाण्याची भीती असते. अलीकडचा मार्ग असा, की सगळी वर्णनं आधी न भरता, टूल शोधण्याचंच एक टूल द्यायचं आणि लागेल तेव्हाच पूर्ण वर्णन समोर आणायचं. माझं मत विचाराल तर टूल्स कमी असावीत आणि प्रत्येकाचं वर्णन भरघोस असावं. डेटाबेसच्या प्रत्येक तक्त्याला एक टूल जोडून मोकळं होणं हे काम टाळणं आहे. खातेदार ज्या कामासाठी कार्यालयात येतो, त्या कामाएवढं एक टूल हवं.

मराठीत लिहायचं तर या हिशेबात आणखी एक भर पडते. देवनागरी मजकुराला इंग्रजीपेक्षा जास्त टोकन लागत आले आहेत. मे २०२४ मध्ये ओपनएआयने नवं मॉडेल आणताना दिलेल्या नमुन्यात मराठीतला तोच मजकूर जुन्या पद्धतीत ९६ टोकन घेत होता, नव्या पद्धतीत ३३. अंतर झपाट्याने कमी होतंय, तेव्हा खर्चाचं कारण सांगून वर्णनं इंग्रजीतच ठेवायचा आग्रह आता टिकणार नाही. वर्णनाचा सांगाडा कुठल्याही भाषेत असो, पोटखराबा, फेरफार, भोगवटादार वर्ग २, कुळ हे शब्द जसेच्या तसे ठेवून त्यांचा अर्थ मराठीत खुलासेवार लिहावा. प्रश्न विचारणारा ते शब्द वापरणार, आणि उत्तरही त्याला त्याच शब्दांत कळणार.

आतापर्यंत वाचणाऱ्या टूल्सबद्दल बोललो. करणाऱ्या टूल्सचा प्रश्न वेगळा आहे, आणि रोह्याला तो शेजारच्या धाटावमध्ये भेटतो. तिथल्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने आहेत. रिअॅक्टरचं तापमान वाचणं आणि तापमानाची मर्यादा बदलणं ही दोन टूल्स एका यादीत शेजारी शेजारी ठेवता येतील, पण एकाची चूक पुन्हा वाचून सुधारते आणि दुसऱ्याची सुधारत नाही. रसायनउद्योगाने याबाबतीत आपल्याला एक जुना धडा दिलेला आहे. भोपाळच्या दुर्घटनेनंतर धोकादायक रसायनांविषयीचे १९८९ चे नियम आले, आणि त्यांत अशा प्रत्येक रसायनासोबत सुरक्षा माहितीपत्रक अनिवार्य झालं. आज जगभर रूढ असलेल्या माहितीपत्रकाचे १६ ठरलेले भाग आहेत, क्रम पक्का आहे. डोळ्यात थेंब उडाला तर चौथा भाग उघडायचा, हे कामगाराला शोधत बसावं लागत नाही. टूलच्या वर्णनालाही असा ठरलेला क्रम हवा, आणि ‘याने काय बिघडू शकतं, ते मागे घेता येतं का’ याची जागा त्यात वरच्या बाजूला हवी.

एमसीपीच्या मार्च २०२५ च्या आवृत्तीत याची सुरुवात झाली. टूल केवळ वाचणारं आहे का, ते काही नष्ट करू शकतं का, तीच मागणी दोनदा गेली तर परिणाम दोनदा होतो का, याच्या खुणा टूलवर लावता येतात. अर्ज दाखल करणाऱ्या किंवा पैसे भरणाऱ्या टूलला ही तिसरी खूण अत्यावश्यक आहे, कारण ग्रामीण भागात मागणी पोचली पण पोच आली नाही असं वारंवार होतं आणि एजंट पुन्हा प्रयत्न करतो. मात्र या खुणा टूल बनवणाऱ्यानेच लावलेल्या असतात, म्हणून अनोळखी ठिकाणाहून आलेल्या खुणांवर विश्वास ठेवू नये असंही तेच मानक सांगतं. ही सावधगिरी का हवी ते एप्रिल २०२५ मध्ये इन्व्हेरियंट लॅब्जने दाखवून दिलं. टूलच्या वर्णनातच लपवून सूचना लिहिल्या, की वापरणाऱ्याच्या संगणकावरच्या गुप्त फाइली वाच आणि पाठव, आणि एजंटने तसं केलं. वर्णन हा मॉडेलच्या दृष्टीने आदेशाइतकाच वजनदार मजकूर असल्याने ते कुणी लिहिलं, कुणी बदललं आणि कधी, याची नोंद ठेवणं भाग आहे. धाटावच्या कारखान्यांत सध्या तरी एजंटला फक्त वाचणारी टूल्स द्यावीत आणि झडपेवरचा हात माणसाचाच राहावा, असं माझं ठाम मत आहे.

नोंद कशी ठेवावी याचा नमुना रोह्याच्या स्टेशनात आहे. सप्टेंबर १९९० मध्ये कोकण रेल्वेची पायाभरणी रोह्यात झाली, आणि आजही मध्य रेल्वेची हद्द संपून कोकण रेल्वेची इथे सुरू होते. रेल्वेचे सामान्य नियम सगळ्या देशाला सारखे असले तरी प्रत्येक स्टेशनाचे स्वतःचे कार्यनियम वेगळे लिहिलेले असतात: रुळांची मांडणी, सिग्नल, काटे, अडचणीच्या वेळी काय करायचं. नव्या स्टेशनमास्तरला ते वाचून, समजल्याची सही केल्याशिवाय काम करता येत नाही, आणि नियम बदलले की पुन्हा सही. दस्तऐवजाला ठिकाण आहे, तारीख आहे, जबाबदार माणूस आहे. शासकीय टूलच्या वर्णनाला यातलं एक तरी असतं का? बहुतेक वेळा ते कंत्राटदाराच्या प्रोग्रॅमरने शेवटच्या आठवड्यात लिहिलेलं असतं. तो हुशार असतो, मेहनती असतो, पण त्याने कधी फेरफाराची हरकत ऐकलेली नसते.

म्हणून हे लिहिण्याचं काम तलाठ्याचं, आताच्या नावाने ग्राम महसूल अधिकाऱ्याचं आहे. मंडळ अधिकाऱ्याचं आहे, पूरनियंत्रण कक्षात रात्रपाळी करणाऱ्याचं आहे, प्लांट ऑपरेटरचं आहे. त्यांनी बोलावं, प्रोग्रॅमरने लिहून घ्यावं, आणि अखेरचा मजकूर पुन्हा त्यांनी वाचून मान्य करावा. या कामाचा वेळ कंत्राटात स्वतंत्र धरावा आणि वर्णनावर खात्याच्या अधिकाऱ्याचं पदनाम आणि दिनांक असावा.

लिहिलेलं बरोबर आहे की नाही हे तपासायचा एकच मार्ग आतापर्यंत टिकला आहे: खरे प्रश्न विचारून बघायचे आणि एजंट कुठे घसरतो ते वाचायचं. २०२५ मध्ये अँथ्रॉपिकच्या लोकांना त्यांचा एजंट वेबवर शोध घेताना प्रत्येक प्रश्नामागे विनाकारण ‘२०२५’ जोडतो असं दिसलं, आणि टूलच्या वर्णनात दुरुस्ती केल्यावर ते थांबलं. वर्णन कितीही काळजीपूर्वक लिहिलं तरी अशा सवयी टेबलावर बसून सुचत नाहीत, चालवून पाहिल्यावरच कळतात. रोह्यात याची तयारी करायची तर तहसील कार्यालयाच्या खिडकीवर येणारे प्रश्न लोक विचारतात त्याच शब्दांत उतरवून घ्यावेत. ‘आजोबांचं नाव अजून लागतंय का?’, ‘सोसायटीचा बोजा उतरला का?’, ‘वाटणी झाली पण हिस्सा वेगळा का दिसत नाही?’ प्रत्येकाचं बरोबर उत्तर जाणत्या अधिकाऱ्याने बाजूला लिहावं. सातबाऱ्याचा नमुना बदलला, शुल्क बदललं, नवं परिपत्रक निघालं, की वर्णन सुधारून हेच प्रश्न पुन्हा चालवावेत. त्यांत कंस केलेल्या नावाचा एक, वर्ग २ चा एक आणि प्रलंबित फेरफाराचा एक प्रश्न असायलाच हवा, आणि या तिन्हींची उत्तरं बरोबर येईपर्यंत ते टूल खातेदारांसाठी खुलं करू नये.